सरड्याचे ऊन कसे मोजावे?

मलकापूरहून आंबा घाटाकडे जाताना सकाळच्या वेळी जांभ्या दगडावर सरडा ऊन खात बसलेला दिसतो. त्या जागी त्याला किती तापमान मिळत असेल? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे नेमके उत्तर सापडायला पावणेदोनशे वर्षे लागली.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि फुगा काळा केलेले तापमापक निरनिराळ्या रंगांत ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण. उन्हातला तापमापक असे किरण शोषून तापतो. म्हणजे तो हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो. म्हणून वेधशाळेत तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवू लागले. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्याने १८६० च्या दशकात तयार केली.

हवामानशास्त्राची अडचण अशी सुटली. सरड्याची मात्र सुटली नाही, कारण तो पेटीत नव्हे, उन्हात बसतो!

सरपटणारे प्राणी 'थंड रक्ताचे', म्हणजे हवेइतकेच गरम किंवा गार, अशी समजूत बराच काळ होती. रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरडे-सापांच्या शरीराच्या आतले तापमान पाऱ्याच्या बारीक तापमापकाने मोजले. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले, की ऊन आणि सावली यांत ये-जा करून हे प्राणी शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतात. शिवाय सोसवणारे तापमान आणि जिवावर बेतणारे तापमान यांत थोड्याच अंशांचे अंतर असते. सावली गाठता आली नाही, तर सरडा उन्हातच मरतो.

मग सरड्याच्या जागी तापमापक कसा बसवायचा? ऊन, वारा आणि दगड यांचा एकत्रित परिणाम जॉर्ज बॅकन व डेव्हिड गेट्स यांनी १९७५ साली गणितात मांडला. पुढे अभ्यासक सरड्याच्या आकाराचे, त्याच्याच रंगाचे तांब्याचे पोकळ नमुने उन्हात ठेवून त्यांच्या आतले तापमान नोंदवू लागले.

ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा (बिअर्डेड ड्रॅगन) पाळणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. दिव्याखालची जागा साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअस ठेवतात. तिथे बसून तो आपले शरीर ३५ अंशांच्या आसपास आणतो. पेटीच्या काचेवर चिकटवलेली तबकडी त्या दगडाबद्दल काहीच सांगत नाही. अवरक्त तापमापक दगडाच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. पण तो दुरून धरला तर मोठ्या भागाची सरासरी येते, आणि चकचकीत धातूवर चुकीचा आकडा दिसतो. पेटीला गार कोपराही हवाच.

वर्गात तीन सारखे तापमापक घ्यावेत. एक सावलीत, एक उन्हात आणि एक फुग्याला काजळी लावून उन्हात ठेवावा. दहा मिनिटांनी तीन आकडे फळ्यावर लिहून विचारावे : यांतले हवेचे तापमान कोणते, आणि सरड्याच्या उपयोगाचे कोणते? सरडा पकडण्याची गरज नाही.