चुंबकीय पातळीदर्शक

चुंबकीय पातळीदर्शक हे टाकी, बॉयलर, ऊर्ध्वपातन मनोरा यांसारख्या बंद पात्रातील द्रवाची पातळी बाहेरून दाखवणारे उपकरण आहे. पात्राला जोडलेल्या उभ्या नळीत चुंबक बसवलेला तरंगक द्रवाबरोबर वरखाली होतो आणि नळीबाहेर लावलेल्या रंगीत पट्ट्या त्या चुंबकाच्या प्रभावाने उलटतात. द्रव आणि पाहणारा यांच्यामध्ये धातूची अखंड भिंत असते व पातळी पाहण्यासाठी विजेची गरज लागत नाही. तेलशुद्धीकरण, रसायने, खते, औषधनिर्मिती आणि वीजनिर्मिती या उद्योगांत हे उपकरण मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

पार्श्वभूमी

या उपकरणापूर्वी, आणि अनेक ठिकाणी आजही, पातळी पाहण्यासाठी काचेची नळी किंवा पोलादी चौकटीत बसवलेली जाड काच वापरली जाते. तिला कारखान्यांत गेज ग्लास म्हणतात. काचेतून द्रव प्रत्यक्ष दिसतो, हा तिचा गुण निर्विवाद आहे. परंतु काच ठिसूळ असते. तापमान अचानक बदलल्यास तिला तडा जातो. बॉयलरमधील उष्ण व अल्कधर्मी पाणी काचेला हळूहळू विरघळवते, म्हणून उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये काचेच्या आतील बाजूस अभ्रकाचा पापुद्रा लावावा लागतो. द्रव गढूळ असल्यास काच मळते, रंगहीन असल्यास पातळीची रेषा दुरून दिसत नाही. पात्रात अमोनिया किंवा द्रवरूप पेट्रोलियम वायू असेल, तर काच फुटणे म्हणजे थेट विषबाधेला किंवा आगीला निमंत्रण होय. चुंबकीय पातळीदर्शकात काचेचा द्रवाशी संबंधच येत नाही. पट्ट्यांवर काचेचे आवरण असले तरी ते केवळ धूळ व पाऊस अडवण्यासाठी असते.

रचना

बाहेरील नळीला कक्ष म्हणतात. तो पात्राच्या बाजूस वर आणि खाली अशा दोन फ्लँजांनी जोडलेला असतो. दोन्ही जोडांवर झडपा ठेवल्यास पात्र चालू असतानाही कक्ष वेगळा करता येतो. कक्षाच्या तळाशी द्रव काढून टाकण्याची झडप आणि माथ्यावर हवा सोडण्याची झडप असते. कक्ष अचुंबकीय पदार्थाचा असणे अनिवार्य आहे. साध्या पोलादाची नळी वापरली तर चुंबकाचे क्षेत्र भिंतीतच अडकून राहील. त्यामुळे ३०४ किंवा ३१६ या प्रतीचे स्टेनलेस स्टील सर्रास वापरतात. तीव्र आम्लांसाठी प्लॅस्टिकचे अथवा आतून टेफ्लॉनचे अस्तर दिलेले कक्ष मिळतात.

तरंगक हा पोकळ, बंद दंडगोल असतो. हलक्या द्रवांसाठी तो टायटॅनियमचा करतात, कारण तेवढ्याच मजबुतीसाठी त्याचे वजन कमी भरते. आतील चुंबक अशा उंचीवर बसवलेले असतात की तरंगक ठरलेल्या द्रवात तरंगत असता ते बरोबर द्रवाच्या पृष्ठभागाशी येतात.

बाहेरच्या पट्टीवर आडव्या अक्षाभोवती फिरणाऱ्या अनेक लहान पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. प्रत्येकीच्या दोन बाजू वेगळ्या रंगांच्या, बहुधा लाल आणि पांढऱ्या, असतात व प्रत्येकीत एक लहान चुंबक असतो. तरंगक समोरून वर गेला की पट्टी १८० अंशांत फिरते, खाली आला की परत उलटते. शेजारच्या पट्ट्यांचे चुंबक एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तरंगक पुढे निघून गेल्यावरही पट्टी जागची हलत नाही.

कार्यतत्त्व व घनतेचा प्रश्न

उपकरणामागे दोन जुनी तत्त्वे आहेत. परस्परांना जोडलेल्या पात्रांत एकच द्रव समान पातळीवर राहतो, आणि तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारते. हे दुसरे तत्त्व आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाते. दोन्ही तत्त्वांत घनता दडलेली आहे आणि वाचनातील बहुतेक चुका तेथूनच उद्भवतात.

पहिली चूक तरंगकाची. एखादा तरंगक पाण्यासाठी बनवलेला असेल, तर तो द्रवरूप प्रोपेनमध्ये तरंगेलच असे नाही, कारण नेहमीच्या तापमानाला प्रोपेनची घनता पाण्याच्या सुमारे निम्मी असते. बुडाला नाही तरी तो अपेक्षेपेक्षा खोल बसतो आणि पातळी कमी दिसते. म्हणून तरंगक कोणत्या घनतेसाठी आहे हे त्याच्यावर कोरलेले असते, आणि टाकीतील पदार्थ बदलला की तरंगकही तपासावा लागतो.

दुसरी चूक तापमानाची असून ती अधिक फसवी आहे. पात्र उष्ण आणि बाहेरचा कक्ष तुलनेने थंड असेल, तर कक्षातील द्रव जड होतो आणि कमी उंचीच्या स्तंभानेच पात्रातील स्तंभाला तोलून धरतो. २५० अंश सेल्सियसला पाण्याची घनता सुमारे ८०० किलोग्रॅम प्रति घनमीटर, तर २०० अंशांना सुमारे ८६५ असते. पात्रातील पाणी २५० अंशांवर व कक्षातील २०० अंशांवर असेल, तर खालच्या जोडापासून १,००० मिलिमीटर उंचीचे पाणी कक्षात सुमारे ९२५ मिलिमीटरच दिसेल. वाफेचे वजन या हिशेबात धरलेले नाही. उपकरणात कोणताही बिघाड नसताना ही तफावत येते. कक्षाला उष्णतारोधक आवरण घातल्याने ती कमी होते, पण नाहीशी होत नाही. गेज ग्लासलाही हाच नियम लागू आहे.

एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, उदाहरणार्थ तेल आणि पाणी, यांच्यामधील सीमा दाखवण्यासाठी तेलात बुडेल पण पाण्यावर तरंगेल असा तरंगक वापरतात. अशा वेळी जोडांची जागा काळजीपूर्वक ठरवावी लागते, अन्यथा कक्षात दोन्ही द्रवांचे प्रमाण पात्राप्रमाणे राहत नाही.

विद्युत जोडण्या

कक्षाच्या बाहेर रीड स्विच बांधल्यास ठरावीक पातळीला घंटा वाजवता येते किंवा पंप बंद करता येतो. सतत मोजमापासाठी चुंबकाकुंचनी संवेदक लावतात. त्यातील तारेतून विजेचे स्पंद सोडले जातात. तरंगकाच्या चुंबकासमोर तारेला सूक्ष्म पीळ पडतो आणि तो पीळ तरंगाच्या रूपाने सेकंदाला सुमारे २,८०० मीटर वेगाने टोकाकडे येतो. लागलेल्या वेळेवरून अंतर काढून ते ४ ते २० मिलिअँपिअरच्या संकेतात नियंत्रण कक्षाकडे पाठवले जाते.

येथे एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. पट्ट्या, स्विच आणि संवेदक हे तिन्ही एकाच तरंगकावर अवलंबून असतात. तरंगक अडकला तर तिघेही एकमताने चूक सांगतात. त्यामुळे ही तीन स्वतंत्र मोजमापे आहेत असे मानणे धोक्याचे ठरते.

बिघाड

तरंगकाला चीर पडून त्यात द्रव शिरला तर तो बुडतो, खाली जाताना सर्व पट्ट्या उलटवतो आणि भरलेली टाकी रिकामी दिसू लागते. टाकी भरत असताना याहून वाईट बिघाड क्वचितच असेल. द्रवातील लोखंडाचे कण व गंज चुंबकाला चिकटून तरंगक कक्षाच्या भिंतीशी घासू लागतो व अखेरीस अडकतो; अशा जागी कक्षाआधी चुंबकीय सापळा बसवतात. घट्ट किंवा गोठणारा द्रवही तोच परिणाम करतो. दाब एकदम कमी होऊन द्रव उकळला तर तरंगक झपाट्याने उसळतो आणि काही पट्ट्या उलटायच्या राहतात. हातातील चुंबक पट्टीवरून फिरवून त्या जागेवर आणता येतात. चुंबकाची शक्ती तापमानाने घटते, म्हणून उष्ण कामासाठी निओडायमियमऐवजी ॲल्निको किंवा समेरियम-कोबाल्टचे चुंबक निवडतात.

पातळीच्या चुकीच्या वाचनाने झालेले अपघात

चुकीच्या पातळीची किंमत किती मोठी असू शकते, हे २००५ सालच्या दोन घटनांतून दिसते. दोन्हींत उपकरणे वेगळ्या प्रकारची होती, पण प्रश्न हाच होता. २३ मार्च रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा प्रमाणाबाहेर भरत गेला. त्यावरील बुडीत दंडगोलाचा पातळीमापक प्रत्यक्ष द्रवाच्या घनतेनुसार जुळवलेला नव्हता. मनोरा भरत असताना तो पातळी हळूहळू उतरत असल्याचे दाखवत होता. पडताळणीसाठी असलेली काच मळल्यामुळे वाचता येत नव्हती. स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले व १८० जखमी झाले. ११ डिसेंबर रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड इंधन साठ्यात पेट्रोलची टाकी भरत असताना पातळीमापकाचे वाचन एका जागी थांबून राहिले, उच्च पातळीचा स्वतंत्र स्विचही चालला नाही, आणि ओसंडलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन ४३ जण जखमी झाले.

बसवणी व देखभाल

कक्ष ओळंब्यात उभा असावा लागतो. तिरपा असल्यास तरंगक भिंतीला घासतो. त्याला आधार देणारे साध्या पोलादाचे पट्टे किंवा वाफेच्या तापननळ्या चुंबकीय क्षेत्र बिघडवतात, म्हणून त्याही अचुंबकीय धातूच्या घेतात. पाण्याच्या दाबाची चाचणी कामाच्या दाबापेक्षा वरच्या दाबाला होत असल्याने तीपूर्वी तरंगक बाहेर काढतात, नाहीतर तो चेपला जाण्याची शक्यता असते. परत घालताना त्यावरील खुणेची बाजू वरच राहील हे पाहावे लागते. चालू उपकरणाची तपासणी सोपी आहे: दोन्ही जोडझडपा बंद करून कक्षातील द्रव सुरक्षितपणे काढावा आणि पट्ट्या तळापर्यंत सलग उलटतात का ते पाहावे. मग झडपा सावकाश उघडाव्यात. एकदम उघडल्यास आत घुसणारा द्रव तरंगकाला माथ्यावर आपटतो.