मोजपट्टीबाहेरचे कॉर्नरबॅक : ड्राफ्टपूर्व पारखीचा इतिहास

१/ एप्रिल जवळ आला की अमेरिकन फुटबॉलचे चाहते एका विलक्षण कामाला लागतात. ज्या विशी-बाविशीतल्या तरुणाने अजून एकही व्यावसायिक सामना खेळलेला नाही, त्याच्या कमरेची लवचीकता, हातांची लांबी, धावण्याचा वेग आणि स्वभाव यांची ते तासन्‌तास चिकित्सा करतात. कॉर्नरबॅक या जागेच्या खेळाडूंबाबत हा वाद विशेष रंगतो. त्या वादात वापरल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ प्रथम खेळाविषयी. हा आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. येथे अंडाकृती चेंडू हातात धरून अथवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यायचा असतो. फेकणारा तो क्वार्टरबॅक, झेलण्यासाठी धावणारा तो रिसीव्हर आणि त्या रिसीव्हरला सावलीसारखा चिकटून झेल होऊ न देणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. रिसीव्हरला आपण कोठे वळणार हे ठाऊक असते. कॉर्नरबॅकला ते क्षणार्धात ओळखावे लागते, आणि तेही पुष्कळदा उलट पावली धावत असताना.

३/ या जागेची खरी अडचण निराळीच आहे. उत्तम कॉर्नरबॅकचे काम नोंदवहीत दिसत नाही, कारण प्रतिपक्ष त्याच्या बाजूला चेंडू फेकायचेच टाळतो. न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिसच्या वाट्याच्या मैदानाला चाहत्यांनी ‘रेव्हिस बेट’ असे नाव दिले होते : तिकडे गेलेला रिसीव्हर जणू एकाकी बेटावर अडकला. न घडलेल्या गोष्टीसाठी नोंदवहीत रकाना नसतो. म्हणूनच ‘खेळाडू मोजता येतो’ या कल्पनेचा इतिहास तपासायला ही जागा फार उपयोगी पडते.

४/ ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावही नव्हे. लिलावात एकाच खेळाडूसाठी अनेक संघ बोली लावतात, त्यामुळे त्याची किंमत चढते. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. संघ ठरलेल्या क्रमाने नावे घेतात, आदल्या हंगामातील सर्वांत दुबळा संघ प्रथम. ज्याने नाव घेतले, त्याचाच त्या नवोदितावर हक्क. ‘मला दुसरीकडे खेळायचे आहे’ असे म्हणण्याची सोय खेळाडूला जवळपास नाहीच.

५/ ही कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक होते आणि १९३५ च्या हंगामात त्यांच्या संघाने ११ पैकी केवळ २ सामने जिंकले. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे नामवंत खेळाडू श्रीमंत आणि यशस्वी संघांकडेच जात. दुबळे संघ दुबळेच राहत. बेल यांचा प्रस्ताव मे १९३५ मध्ये मान्य झाला. हेतू स्पर्धा समतोल करण्याचा होता. पण त्याबरोबरच नवोदितांसाठी होणारी मालकांमधली चढाओढही संपली. या दुहेरी परिणामाकडे पुढे परत यायचे आहे.

६/ पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. ९ संघ, ९ फेऱ्या, ८१ खेळाडू. फळ्यावर सुमारे ९० नावे लिहिलेली होती. खेळाडू शोधणारी स्वतंत्र यंत्रणा बहुतेक संघांकडे नव्हती. वृत्तपत्रांतील कीर्ती आणि ओळखीपाळखी एवढ्यावरच पारख चाले. पहिले नाव जे बर्वँगर यांचे घेतले गेले. मानधनाचे जुळले नाही आणि ते व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत. पारखीचा इतिहास असा पहिल्याच नावाला अडखळला.

७/ त्या फळ्यावर कोण होते, याहून कोण नव्हते हे महत्त्वाचे. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असा लेखी नियम नव्हता. मालकांच्या अलिखित सहमतीने हे चालले. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतल्यावर ही भिंत फुटली. पण ड्राफ्टमध्ये पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचे, जॉर्ज टॉलिव्हर यांचे नाव पुकारले जायला १९४९ उजाडावे लागले. तेही तेराव्या फेरीत.

८/ १९५२. सैन्यातून परतलेला, कनिष्ठ महाविद्यालयात थोडाफार फुटबॉल खेळलेला आणि विमानाच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण वृत्तपत्रांतील कात्रणांची वही घेऊन थेट रॅम्सच्या कार्यालयात गेला. कोणत्याही संघाने त्याचे नाव घेतले नव्हते. तो म्हणजे डिक ‘नाइट ट्रेन’ लेन. त्याच वर्षी १२ सामन्यांत त्यांनी प्रतिपक्षाच्या १४ फेकी मध्येच हिरावल्या. आज हंगाम १७ सामन्यांचा आहे, तरी एका हंगामातील तो विक्रम अद्याप मोडलेला नाही.

९/ लेन यांची पारख चुकली, असे म्हणणेही अपुरे आहे. त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. ही उणीव भरून काढणाऱ्यांत बिल नन यांचे नाव अग्रभागी येते. ते ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्राचे क्रीडा पत्रकार. दक्षिणेतील कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे खेळाडू ते वर्षानुवर्षे जवळून पाहत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पिट्सबर्ग स्टीलर्सने त्यांना खेळाडू शोधण्याच्या कामावर घेतले. १९७० मध्ये याच संघाने सदर्न विद्यापीठाचा मेल ब्लाउंट हा कॉर्नरबॅक तिसऱ्या फेरीत निवडला.

१०/ सव्वासहा फूट उंचीचा ब्लाउंट रिसीव्हरला सुरुवातीपासून ढकलत, अडवत, जेरीस आणत असे. १९७८ मध्ये नियम बदलला : पहिल्या ५ यार्डांपलीकडे रिसीव्हरशी धक्काबुक्की नको. लोक त्याला आजही ‘मेल ब्लाउंट नियम’ म्हणतात. या एका नियमाने कॉर्नरबॅकच्या शरीराकडून असलेली अपेक्षाच बदलली. बळापेक्षा पावलांची चपळाई आणि कंबर चटकन वळवण्याची क्षमता मोलाची ठरली. ‘याची कंबर ताठ आहे’ हा चाहत्यांचा आजचा आक्षेप या नियमानंतरच्या खेळात इतका वजनदार झाला.

११/ आता ४० यार्डांची धाव. म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर. ही चाचणी रूढ करण्याचे श्रेय परंपरेने प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना दिले जाते. पायाने उंच मारलेला चेंडू हवेत असेपर्यंत खेळाडूला साधारण तेवढे अंतर कापावे लागते, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे ज्या कामासाठी हे अंतर ठरले, ते कॉर्नरबॅकचे मुख्य काम नव्हेच. तरीही सरळ रेषेत, एकट्याने, कोणाचाही पाठलाग न करता घेतलेल्या या धावेवर आज कॉर्नरबॅकचे भवितव्य वर-खाली होते.

१२/ यानंतर या कथेत एक भारतीय येतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइजचे टेक्स श्रॅम यांनी संगणकाच्या साहाय्याने खेळाडूंची क्रमवारी लावायचे ठरवले. हे काम अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्याकडे आले. कुरेशींना अमेरिकन फुटबॉल ठाऊक नव्हता आणि प्रशिक्षकांना संख्याशास्त्र. अनेक गुणांची छाननी होऊन अखेर ५ कसोट्या उरल्या : चारित्र्य, चपळता व शरीरावरील ताबा, झुंजारपणा, बौद्धिक तल्लखता आणि बळ.

१३/ या यादीत चारित्र्य हाही मोजण्याचा गुण आहे, हे ध्यानात घ्यावे. हेतू स्वच्छ होता : निरीक्षकांच्या मोघम विशेषणांना तुलना करता येईल असे रूप देणे. परंतु गुण देणारा माणूसच असतो. कोणाचा अबोलपणा शिस्त ठरतो आणि कोणाचा उर्मटपणा, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. यंत्र त्या नजरेला दशांश चिन्ह देते, एवढेच. ‘त्याच्या स्वभावाविषयी शंका आहेत’ हे आजच्या चर्चेतील वाक्य याच घराण्यातले.

१४/ १९६८. ओरेगन विद्यापीठाचा बचावपटू जेम्स ‘याझू’ स्मिथ याला वॉशिंग्टनच्या संघाने बाराव्या क्रमांकावर निवडले. एका वर्षाचा, ५० हजार डॉलरचा करार झाला. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला दुखापत झाली आणि कारकीर्द संपली. स्मिथ न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा साधा होता : मला संघ निवडण्याची मुभा असती, तर दुखापतीनंतरही वेतनाची हमी देणारा करार मी मिळवू शकलो असतो.

१५/ १९७६ मध्ये न्यायाधीश विल्यम ब्रायंट यांनी तेव्हाच्या स्वरूपातील ड्राफ्ट स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करतो, असा निर्णय दिला. १९७८ मध्ये अपील न्यायालयाने नुकसानभरपाईचा हिशेब फेरविचारासाठी परत पाठवला. तथापि ड्राफ्ट बेकायदा होता हा निष्कर्ष कायम ठेवला. मग ड्राफ्ट टिकला कसा? १९७७ मध्ये खेळाडू संघटनेने मालकांशी केलेल्या सामूहिक करारात तो मान्य केला म्हणून. फेऱ्या तेवढ्या १७ वरून १२ वर आल्या.

१६/ १९८१ च्या ड्राफ्टमध्ये १२ फेऱ्यांत ३०० हून अधिक नावे पुकारली गेली. ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या एव्हरसन वॉल्सचे नाव त्यांत नव्हते. फेकी हिरावण्यात तो महाविद्यालयीन खेळात आघाडीवर होता, पण ४० यार्डांत मंद भरला. अखेर ड्राफ्टबाहेरून त्याला घेतले ते संगणकासाठी प्रसिद्ध असलेल्या काउबॉइजनेच. पहिल्याच हंगामात त्याने ११ फेकी हिरावल्या. त्या वर्षी एनएफएलमध्ये तो अव्वल ठरला आणि पुढे आणखी दोनदा तो मान त्याला मिळाला. क्वार्टरबॅकचे डोळे वाचून अर्धे पाऊल आधी निघण्याची त्याची कला स्टॉपवॉचमध्ये उतरत नव्हती.

१७/ वॉल्सचे सर्वाधिक पाहिले गेलेले छायाचित्र मात्र पराभवाचे आहे. १० जानेवारी १९८२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याने २ फेकी हिरावल्या होत्या. सामना संपायला मिनिटभर उरले असताना जो मोंटाना यांची उंच फेक ड्वाइट क्लार्क यांनी वॉल्सच्या डोक्यावरून झेलली आणि संघ हरला. ‘द कॅच’ म्हणून तो क्षण अजरामर झाला. कॉर्नरबॅकच्या नशिबी हेच येते : हातून निसटलेली एक फेक सर्वांच्या स्मरणात, आणि घडू न दिलेल्या पन्नास कोणाच्याच नाही.

१८/ या सुमारास पारखीचे काम चाहत्यांच्या हाती आले. १९८० मध्ये ईएसपीएन या नव्या वाहिनीने ड्राफ्टचे थेट प्रक्षेपण केले. नावे वाचून दाखवण्याचा कार्यक्रम कोण पाहणार, अशी शंका आयुक्त पीट रोझेल यांना होती. १९८४ पासून मेल कायपर त्या पडद्यावर दिसू लागले : कोणत्याही संघाचे अधिकारी नसलेले, स्वतःच्या टिपणांवर उभे राहिलेले विश्लेषक. २०२४ मध्ये डेट्रॉइटला हा सोहळा पाहायला ७ लाख ७५ हजारांहून अधिक लोक जमले.

१९/ इकडे मोजमापाचीही एक जत्रा उभी राहिली. १९८२ पासून निवडक नवोदितांना एकत्र बोलावून तपासण्याचे शिबिर सुरू झाले. मूळ गरज होती वैद्यकीय तपासणी सर्व संघांनी एकाच ठिकाणी करण्याची. १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरते. उंची, वजन, हातांची लांबी, उडी, धाव अशी सारी मापे तेथे घेतली जातात. मात्र तेथे जायलाही आमंत्रण लागते. म्हणजे मोजले जाण्याआधीच एक निवड होऊन गेलेली असते.

२०/ २०१४ चे उदाहरण घेऊ. जस्टिन गिल्बर्ट हा कॉर्नरबॅक ४० यार्ड ४.३७ सेकंदांत धावला. क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला आठव्या क्रमांकावर घेतले. ३ हंगामांत त्याची एनएफएल कारकीर्द आटोपली. त्याच वर्षी वेस्ट अलाबामाच्या माल्कम बटलरला शिबिराचे आमंत्रण नव्हते आणि ड्राफ्टमध्येही त्याचे नाव आले नाही. १ फेब्रुवारी २०१५ रोजी सुपर बोलच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात, गोलरेषेजवळ, त्याने सिॲटलची फेक हिरावली आणि न्यू इंग्लंडला विजेतेपद मिळाले.

२१/ यावरून सारी पारख व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. डिऑन सँडर्स १९८९ मध्ये पाचवे, चार्ल्स वुडसन १९९८ मध्ये चौथे, चँप बेली १९९९ मध्ये सातवे निवडले गेले आणि तिघेही हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांच्या प्रसिद्ध अभ्यासात आढळले की, आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून किंचित अधिक असते. ढोबळ फरक कळतो. शेजारच्या दोघांतला फरक बहुतांशी कळत नाही. आणि चाहत्यांचे वाद नेमके त्या शेजारच्या दोघांवरच होतात.

२२/ या वादाला पैशाची बाजूही आहे. २०११ च्या सामूहिक करारापासून नवोदिताचे वेतन तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून जवळजवळ ठरूनच जाते. दहाव्याऐवजी चाळिसाव्या क्रमांकावर घसरणे म्हणजे लाखो डॉलर हातचे जाणे. तेही अशा खेळात, जेथे याझू स्मिथसारखी एक धडक कारकीर्द संपवू शकते.

२३/ चाहते कॉर्नरबॅकला तोलतात तेव्हा बेल यांच्या फळ्याचा, ब्राउन यांच्या धावेचा, कुरेशींच्या कसोट्यांचा आणि ब्लाउंट नियमाचा वारसा एकाच वाक्यात बोलत असतो. ती सारी भाषा निवडणाऱ्याच्या बाजूने घडलेली आहे; ‘हा आमच्या संघाला परवडेल का’ असे ती विचारते. स्मिथ यांनी न्यायालयात उलटा प्रश्न विचारला होता : हा संघ मला परवडेल का? पहिल्या प्रश्नासाठी तक्ते, चित्रफिती आणि शिबिरे आहेत. दुसरा प्रश्न विचारण्याची मुभा नवोदिताला १९३६ मध्ये नव्हती आणि आजही नाही.

धागा समाप्त. कोणत्या मुद्द्यावर अधिक वाचायला आवडेल, ते खाली अवश्य लिहा.