विंचवाचा उतारा : महाडच्या डॉक्टरांची नोंदवही

श्रीगणेश ही विद्येची देवता. त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत विद्येच्याच एका प्रवासाची हकीकत सांगावी, असे यंदा मनात आले. ही हकीकत कुठल्या मोठ्या विद्यापीठातली नाही. शिवछत्रपतींचा रायगड ज्या तालुक्यात उभा आहे त्या महाडमधली ती आहे, आणि तिची सुरुवात होते विंचवापासून.

ग्वाल्हेरात राहणाऱ्या आपल्या मंडळींना विंचवाची ओळख करून द्यायला नको. उन्हाळा संपून पहिला पाऊस पडला की विटांच्या ढिगात, लाकडांत, अंगणातल्या दगडाखाली तो सापडतोच. आपल्या आजी-पणजीच्या काळी गावोगावी विंचू उतरवणारा एखादा माणूस असे. कुणी मंत्र म्हणे, कुणी आघाड्याचे मूळ उगाळून लावी. एकनाथ महाराजांनी विंचवाला भारुडातही आणले, इतका तो आपल्या ओळखीचा.

या उताऱ्यांवर लोकांचा विश्वास का बसला, हे समजून घेण्यासारखे आहे. विंचवाच्या बहुतेक दंशांत जीव जात नाही. वेदना भयंकर होतात, पण काही तासांनी, फार तर एखाद्या दिवसाने, त्या आपोआप कमी होतात. म्हणजे मंत्र म्हणा, मूळ लावा किंवा काहीच करू नका, माणूस बरा व्हायचाच. पण मंत्र म्हटला आणि माणूस बरा झाला, एवढेच घरच्यांना दिसे. मंत्र न म्हणता किती जण बरे झाले, हे कुणी मोजले नव्हते. वैद्यकशास्त्राचे सगळे संशोधन या एका मोजणीपासून सुरू होते.

कोकणातली गोष्ट मात्र निराळी होती. तिथल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती, आणि त्यांत मुले फार. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले, की विंचू चावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांत पाणी भरते आणि त्याने मृत्यू येतो. लेख लंडनमध्ये छापून आला, जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचला. पण कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले उपचार त्यामुळे बदलले नाहीत. त्या काळी विष अंगभर पसरलेल्या शंभर रुग्णांमागे पंचवीस-तीस दगावत.

१९७६ साली हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा. शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तेही मोठ्या गरिबीतून. शिकताना विंचवाबद्दल जे वाचले होते, त्यात या मृत्यूंचे उत्तर नव्हते. समोर मात्र रुग्ण येत होते. घामाने निथळणारे, उलट्या करणारे, हातपाय बर्फासारखे गार पडलेले. काही तासांनी धाप लागायची, तोंडातून गुलाबी फेस यायचा, आणि खेळ संपायचा.

उपचार काय चालत? स्टिरॉइड आणि ॲलर्जीची इंजेक्शने दिली जात. काही ठिकाणी ॲट्रोपिन, काही ठिकाणी गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण. प्रत्येक उपचारामागे काही ना काही तर्क होता, पण या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो का, हे नीट तपासलेले नव्हते. एका अर्थाने तेही उतारेच होते. फरक इतकाच, की ते सुईतून दिले जात.

डॉ. बावस्करांनी पहिले काम केले ते नोंद ठेवण्याचे. रुग्णाच्या खाटेशी बसून राहायचे, नाडी, रक्तदाब, श्वास वारंवार पाहायचा, आणि कोणत्या वेळी काय झाले ते लिहायचे. त्यातून त्यांना दिसले, की फुफ्फुसात पाणी भरण्याच्या कितीतरी आधी शरीर इशारा देते. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणे म्हणजे हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना. हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. १८२३ पासून निघणारे हे वैद्यकातले अत्यंत मानाचे साप्ताहिक. त्यात कोकणच्या खेड्यातला डॉक्टर लिहितो, याचे आज कौतुक वाटते. पण महाड आणि लंडन यांच्यामध्ये तेव्हा पोस्टाशिवाय दुसरा दुवा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवे.

लक्षणे कळली, कारणही उलगडत गेले. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते. त्यामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलताना हृदय थकते, आणि मागे साचलेले पाणी फुफ्फुसात उतरते. बागेच्या पाइपवर पाय ठेवला तर मोटरीवर ताण येतो, तसेच हे. मग मोटरीला चाबूक मारण्यापेक्षा पाइपवरचा पाय काढणे बरे.

तो पाय काढणारे औषध बाजारात आधीच होते. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी. ती रक्तवाहिन्यांवरचे नेमके तेच कुलूप उघडते, जे विंचवाच्या विषाने लागलेले असते. डॉ. बावस्करांनी मध्यंतरी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. केले होते आणि ते पुन्हा कोकणातच परतले होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. १९८६ साली त्याचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये आला. गार पडलेल्या, मरणाच्या दारातल्या माणसाला रक्तदाब उतरवणारी गोळी द्यायची, हे तेव्हा ऐकायलाच विचित्र वाटत असणार. पण नोंदी बोलत होत्या. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले.

इथे गोष्ट संपली असती तरी ती मोठीच ठरली असती. पण मला स्वतःला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

प्राझोसिन विंचवाचे विष नष्ट करत नाही. विषाने केलेला गोंधळ निस्तरते. विषावर थेट काम करणारी लस, म्हणजे प्रतिविष, मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागली होती. हाफकिन हे नाव आपल्याला प्लेगच्या लशीमुळे माहीत आहे. १८९७ च्या जानेवारीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ती लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. आता त्याच नावाच्या संस्थेत विंचवावरची लस बनत होती. ती किती उपयोगी, यावर डॉक्टरांत मतभेद होते. २००९ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनातून बातमी आली, की तिथल्या विंचवाने गंभीर झालेल्या पंधरा मुलांपैकी प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत सावरली. ज्या सात मुलांना ते मिळाले नाही त्यांपैकी एकच सावरले. पण तो विंचू वेगळ्या जातीचा. तिथले उत्तर महाडला लागू पडेलच असे नाही.

ज्याचे नाव प्राझोसिनमुळे जगात झाले, त्या माणसाला इथे गप्प बसता आले असते. बावस्कर दांपत्याने तसे केले नाही. महाडच्या आपल्या रुग्णालयात त्यांनी रीतसर चाचणी घेतली. विष अंगात भिनल्याची लक्षणे असलेले सत्तर रुग्ण. कुणाला काय द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नाही, चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे. पस्तीस जणांना फक्त प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी पाहिले तेव्हा दोन्ही औषधे मिळालेल्या पस्तिसांपैकी बत्तीस पूर्ण बरे झाले होते. नुसत्या प्राझोसिनवरच्या पस्तिसांपैकी आठ. २०११ साली हा निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. ज्या नियतकालिकात पन्नास वर्षांपूर्वी डॉ. मुंडल्यांनी प्रश्न मांडला होता, त्याच नियतकालिकात हे उत्तर आले. आपलाच उपचार अपुरा आहे, त्यात भर घालायला हवी, असे ज्याने तो उपचार शोधला त्यानेच आकड्यांनिशी दाखवले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते ती प्राझोसिनपेक्षाही या वृत्तीला मिळाली.

हे सगळे बिर्लानगरच्या स्मरणिकेत कशासाठी? कारण सांगतो.

मी राज्य शासनाच्या आरोग्य विभागात फार्मासिस्ट आहे. औषधांच्या खिडकीवर उभा राहणारा माणूस. आमच्याकडे दर काही महिन्यांनी नवा आदेश येतो, आणि त्यात शेवटी एक ओळ असते : पूर्वीचे आदेश निरस्त. मग खिडकीपलीकडून प्रश्न येतो, "भाऊ, मागच्या खेपेला तर दुसरी गोळी दिली होती?" आणि लगेच शेरा, "या डॉक्टरांचं काही खरं नाही. आज एक सांगतात, उद्या दुसरं." आपल्या समाजातल्या शिकल्या-सवरलेल्या घरांतूनही हा शेरा मी ऐकतो. जे. सी. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी आपली. शिस्तीची, एकदा ठरले की ठरले असे मानणारी. त्यामुळे बदलणारा सल्ला म्हणजे कच्चा सल्ला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण बदल कुठून येतो, हे महाडच्या गोष्टीत दिसते. कुणीतरी खाटेशी बसून नोंद ठेवतो. ती छापून येते. दुसरे डॉक्टर ती पडताळून पाहतात, काही जण खोडून काढायचा प्रयत्न करतात. टिकले ते पुस्तकात जाते, मग जाणकारांची समिती मार्गदर्शक सूचना काढते, आणि सगळ्यात शेवटी ती आमच्या खिडकीवर आदेश बनून पोहोचते. जी सूचना कधीच बदलत नाही ती पक्की असते असे नाही. कदाचित तिच्याकडे कुणी पुन्हा पाहिलेलेच नसते. आघाड्याच्या मुळाचा सल्ला शेकडो वर्षे बदलला नव्हता.

अशी उदाहरणे आपल्याही आठवणीत आहेत. पूर्वी हगवण लागली की मुलाचे पाणी तोडायचे; आज मीठ-साखरेचे पाणी पाजायचे. साप चावला की वर दोरी करकचून आवळायची, हे आपण शाळेत शिकलो. आज ते करू नका असे सांगतात, कारण त्याने हातपाय गमावण्याची वेळ येते. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात एक दिवसाआड दिली जात. आता ती रोज देतात. जुना सल्ला देणारे मूर्ख नव्हते. त्यांना जेवढे माहीत होते तेवढे त्यांनी सांगितले. पण आज जो त्याच सल्ल्याला धरून बसेल, त्याचे नुकसान होईल.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी देव्हाऱ्याच्या खणात किंवा पासबुकाच्या पाकिटात दहा-दहा वर्षांपूर्वीची डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवलेली असते, आणि तीच दाखवून दर महिन्याला दुकानातून औषध येते. रक्तदाब, साखर, सांधेदुखी, सगळे तिच्यावरच. माझी हात जोडून विनंती आहे, की वर्षातून एकदा तरी ती चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ विचारा, "यात आता काही बदलायला हवं का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि उलट बाजूने, मोबाइलवर आलेल्या निरोपावरून चालू गोळी बंद करू नका. नवे म्हणून आलेले सगळेच नवे ज्ञान नसते. ते कुणी, किती रुग्णांवर, कशाशी तुलना करून पाहिले, हे त्यात लिहिले आहे का ते बघा. नसेल तर तो नव्या काळाचा मंत्रच समजा.

आणि विंचवाबद्दल एक शेवटचे. नुसती जागेवर वेदना असेल तरी डॉक्टरांना दाखवावे. पण घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर उतारा शोधत बसू नका, घरातली रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने देऊ नका. तिचे प्रमाण वजनावर ठरते आणि त्या वेळी रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. लश्करला जयारोग्य रुग्णालय आहे, त्याला जोडून १९४६ पासूनचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. बिरवाडीच्या लोकांना जे मैलोगणती दूर होते, ते आपल्या गावातच आहे.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्यातली अट मात्र पुष्कळदा सांगायची राहते : अर्थ समजल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही. डॉक्टरांनी नोंद अशी लिहावी, आणि आपण चिठ्ठी अशी वाचावी, एवढेच बाप्पाकडे मागणे.

गणपती बाप्पा मोरया!