पर्जन्यछाया निसर्गाची, तहान मात्र जातीची!

दुष्काळाचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येतं : "तिथला निसर्गच तसा आहे, कोण काय करणार?" शाळेच्या भूगोलात आपण हेच शिकलो. सुपीक गाळाची जमीन, बारमाही नदी, भरपूर पाऊस असेल तो प्रदेश श्रीमंत. खडक आणि ऊन असेल तो गरीब. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण अर्धं सत्य पूर्ण म्हणून सांगितलं की त्याच्या आड बरंच काही लपवता येतं.

आधी निसर्गाचं म्हणणं ऐकून घेऊ. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि पाऊस तिथंच रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. ही पर्जन्यछाया. शिवाय खाली काळा कातळ. गंगेच्या गाळात पाणी मुरून साठतं तसं या खडकात साठत नाही. म्हणून माण, आटपाडी, बीड, धाराशिव या पट्ट्यात शेती बेभरवशाची आणि तिच्यावर उभे राहणारे धंदेही बेभरवशाचे. इथवर भूगोल खरा.

आता महाबळेश्वरच्या दुसऱ्या बाजूला, पश्चिमेला खाली उतरा. पायथ्याच्या पट्ट्यात महाड आहे. तिथं तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. भूगोलाच्या नियमाप्रमाणे इथं कुणी तहानलेलं राहायला नको. मग 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर का जावं लागलं? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. आभाळातून पाणी पडत होतं, तळं भरलेलं होतं, कायदेमंडळाचा ठराव होता. तरी अस्पृश्यांच्या ओंजळीत थेंब नव्हता. ओंजळ भरली तेव्हा डोकी फोडण्यात आली आणि तळं शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करण्यात आलं. न्यायालयात हक्क शाबीत व्हायला 1937 साल उजाडलं. ही तहान कोणत्या पर्जन्यमापकावर मोजायची?

महाडचा धडा हाच : प्रदेशात पाणी किती आहे हे निसर्ग ठरवतो, ते कुणाच्या घागरीत, कुणाच्या शेतात जाणार हे समाजव्यवस्था ठरवते. आर्थिक विकासाचा हिशेब या दोन्हींचा मिळून होतो.

बाबासाहेबांचं अर्थशास्त्र याच दिशेचं आहे. 1918 साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात, असं तेव्हाचे जाणकार सांगत होते. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते भांडवलाच्या तुटवड्यावर आणि शेतीवर लादलेल्या जादा माणसांच्या भारावर. त्यांचा उपाय होता उद्योगीकरण. म्हणजे जमिनीच्या मोजमापाला त्यांनी नशीब मानलं नाही.

पुढे 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. 1943 मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. जुना उपाय म्हणजे बांध घालून पूर अडवणे. बाबासाहेबांच्या काळात अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची एकत्र योजना आखली गेली. तिच्यातूनच 1948 चा दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आला. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाचं कोडं मांडलं : नद्या आहेत, कोळसा-लोखंड आहे, जंगल आहे, तरी माणसं कंगाल का? जादा पाण्याला संकट समजून समुद्रात लोटून देण्याची दृष्टी त्यांनी चुकीची ठरवली. पाणी ही संपत्ती आहे, ते साठवा, त्यातून शेती भिजवा, वीज काढा, ही त्यांची भूमिका होती. भूगोलापुढे हात टेकणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणतं?

पण भक्तीने डोळे झाकायचे नाहीत, हेही बाबासाहेबांनीच शिकवलं. पुढे उभ्या राहिलेल्या हिराकुड धरणाने एक लाखाहून जास्त माणसं उठवली. धरणाची भिंत बांधून विषमता आपोआप बुडत नाही. कालव्याचं पाणी जमिनीच्या मालकाकडे जातं. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीनच मिळू दिली नाही, त्याच्या वाट्याला धरणाचं काय येणार? म्हणूनच 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि म्हणूनच दादासाहेब गायकवाडांनी 1959 व 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. जमिनीचा प्रश्न हाच पाण्याचा प्रश्न आहे.

आजचं चित्र बघा. सोलापूर जिल्हा कमी पावसाचा, पण साखर कारखान्यांची तिथं दाटी. ऊस राज्याच्या लागवडीच्या थोड्याशा क्षेत्रात, पण सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी तो पितो. आणि बीडचे दलित, बंजारा, वंजारी कुटुंबकबिल्यासह त्याच उसाच्या फडात कोयता घेऊन जातात. पाणी फडाला आणि स्थलांतर मजुराला, हे वाटप कोणत्या ढगाने केलं?

वेगळं होऊ शकतं याचा पुरावा पर्जन्यछायेतच आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी घरातल्या माणसांच्या संख्येवर, भूमिहीनालाही हक्क, उसाला बंदी. पाऊस तोच, कातळ तोच. बदलला तो वाटपाचा नियम.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पुढच्या ग्रामसभेत कुणी पर्जन्यमानाचे आकडे वाचू लागला, तर आपणही आकडे मागा. गावच्या तलावाचं पाणी किती घरांना आणि कुणाच्या उसाला? टँकर वस्तीवर किती दिवसांनी येतो? पाणीपुरवठ्याची जलवाहिनी आपल्या वस्तीच्या किती अलीकडे थांबते? गायरान कुणाच्या ताब्यात? पाऊस पाडणं आपल्या हाती नाही. पडलेल्या पावसाचा हिशेब मागणं आपल्या हाती आहे, आणि ते महाडपासून आपलं काम आहे.

जय भीम!