हास्याचे स्थलांतर : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोद आणि त्याचे दूरचे प्रेक्षक

१

शोकात्म कृती भाषांतरात तग धरते, विनोद मात्र सीमा ओलांडताना बहुधा निष्प्राण होतो, हा भाषांतरकारांचा जुना अनुभव आहे. श्लेष, उच्चारांचे बारकावे, सामाजिक संकेत, तात्कालिक घटनांचे संदर्भ यांवर विनोद इतका विसंबून असतो की त्याला मूळ भूमीतून उपटल्यास तो कोमेजणार, हे गृहीतच धरले जाते. या पार्श्वभूमीवर ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा इतिहास कोड्यात टाकणारा आहे. एका बेटावरील वर्गव्यवस्थेत आणि तेथील बोलींच्या चढउतारांत रुतलेल्या या मालिका अर्धशतकाहून अधिक काळ निरनिराळ्या देशांत पाहिल्या गेल्या आहेत. त्या प्रथम दाखवल्या गेल्या तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे प्रेक्षक त्यांना हसत आले आहेत.

या लोकप्रियतेचे नेहमीचे स्पष्टीकरण 'वैश्विकता' या एका शब्दात दिले जाते. माणसाचा स्वभाव सर्वत्र सारखाच, म्हणून हास्यही सर्वत्र सारखेच, असे त्याचे स्वरूप असते. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी इतिहासाच्या कसोटीवर ते अपुरे ठरते. बेर्गसाँने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात हास्य हे नेहमी कोणत्या तरी समूहाचे हास्य असते, असे प्रतिपादन केले होते. ते मान्य केल्यास समूह बदलला की हास्याचे काय होते, हा प्रश्न अटळ ठरतो. न. चिं. केळकरांपासून मराठीतील विनोदमीमांसेचा भर मुख्यतः विनोद कशातून निर्माण होतो या प्रश्नावर राहिला; तो कोठे आणि कोणाकडून ग्रहण केला जातो, याची चर्चा तुलनेने कमी झाली. ब्रिटिश मालिकांच्या प्रवासाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधतो.

२

या विनोदप्रकाराची घडण १९५० च्या दशकात झाली. रे गॉल्टन आणि ॲलन सिम्प्सन या लेखकद्वयाची 'हॅन्कॉक्स हाफ अवर' ही मालिका १९५४ मध्ये बीबीसीच्या नभोवाणीवर आणि १९५६ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. तत्पूर्वीच्या म्युझिक हॉलच्या परंपरेत विनोद म्हणजे सुटे चुटके, गाणी आणि विडंबने यांची मालिका असे. हॅन्कॉकच्या रूपाने त्या जागी एक सलग व्यक्तिरेखा आली : स्वतःच्या योग्यतेविषयी अवास्तव कल्पना बाळगणारा, वरच्या वर्गाकडे डोळे लावून बसलेला आणि पुनःपुन्हा तोंडघशी पडणारा सामान्य माणूस. याच लेखकांच्या 'स्टेप्टो अँड सन' (१९६२) या मालिकेत भंगाराचा धंदा करणारे बापलेक आहेत. मुलाला पुस्तके, संगीत, सुसंस्कृत जीवन यांची ओढ आहे. त्याला घर सोडायचे आहे, पण ते त्याला कधीच जमत नाही. वस्तुतः ही शोकात्म परिस्थिती आहे. ती दर आठवड्याला जशीच्या तशी परत येते, यातून तिचे हास्यात रूपांतर होते.

येथे या प्रकाराचा आकृतिबंध स्पष्ट होतो. विषम स्थानांवर उभी असलेली दोन माणसे, त्यांना एकमेकांपासून सुटका नसणे आणि प्रतिष्ठेविषयीची अखंड चिंता, हे त्याचे तीन घटक होत. १९६८ ते १९७७ या काळात दाखवल्या गेलेल्या 'डॅड्स आर्मी' मध्ये १९४० च्या होमगार्ड दलाच्या तुकडीचा कॅप्टन हा कनिष्ठ मध्यमवर्गातून वर आलेला बँक मॅनेजर आहे, तर त्याच्या हाताखालचा सार्जंट हा बँकेतील त्याचा दुय्यम असूनही जन्माने आणि शिक्षणाने वरच्या थरातला आहे. हुद्दा एकाकडे आणि सहज रुबाब दुसऱ्याकडे, या विसंगतीवर ऐंशी भागांचा डोलारा उभा आहे. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांच्या 'फॉल्टी टॉवर्स' चे १९७५ आणि १९७९ मिळून बाराच भाग झाले. त्यांतील हॉटेलमालक खानदानी पाहुण्यांपुढे लाळघोटेपणा करतो आणि आपल्या स्पॅनिश वेटरला मारझोड करतो. त्याच्या वागण्याच्या दोन्ही टोकांना एकच उतरंड आहे.

या मालिका पुढील पिढ्यांसाठी लिहिल्या गेल्या नव्हत्या, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची त्या काळची रीत होती. हॅन्कॉकचे अनेक भाग आणि 'डॅड्स आर्मी' चे तीन भाग त्यामुळे कायमचे नाहीसे झाले. निर्माण करणाऱ्या संस्थेलाच जे क्षणजीवी वाटत होते त्याला 'अभिजात' हे विशेषण पुनःप्रक्षेपण आणि घरगुती व्हिडिओ यांच्या काळात मिळाले. म्हणजेच कालातीतता हा या संहितांचा जन्मजात गुण नसून ग्रहणाच्या इतिहासात त्यांना लाभलेली ती एक अवस्था आहे.

३

देशांतराचा पहिला मोठा टप्पा अमेरिकेचा. जॉनी स्पाइटच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेवरून १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' आणि 'स्टेप्टो अँड सन' वरून १९७२ मध्ये 'सॅनफर्ड अँड सन' या मालिका तयार झाल्या. दुसऱ्या रूपांतरात लंडनचे भंगारवाले बापलेक लॉस एंजलिसच्या वॉट्स भागातील कृष्णवर्णीय बापलेक झाले. इंग्रजी वर्गभेदाची जागा अमेरिकेतील वर्णभेदाने घेतली. चुटके बहुतांशी मागेच राहिले. प्रवास केला तो नात्याच्या आकृतिबंधाने. प्रत्येक समाजाने त्या आकृतिबंधात स्वतःची उतरंड भरली.

'टिल डेथ अस डू पार्ट' चे उदाहरण आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे. तिचा नायक आल्फ गार्नेट हा परकीयांचा द्वेष करणारा, तोंडाळ कामगार आहे. स्पाइटला त्याच्या पूर्वग्रहांची रेवडी उडवायची होती. परंतु अनेक प्रेक्षकांना तो आपलाच प्रवक्ता वाटला. एकच संवाद ऐकून काही जण आल्फला हसत होते आणि काही जण आल्फसह परकीयांना हसत होते. मूळ देशातही प्रेक्षक हा एकसंध समूह नव्हता. तेव्हा संहितेचा एक 'खरा' विनोद मायदेशात सुरक्षित असतो आणि परदेशात तो विपर्यस्त होतो, ही कल्पना मुळातच डळमळीत ठरते.

४

या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण 'माइंड युवर लँग्वेज' चे आहे. लंडनमधील परदेशी प्रौढांसाठीचा इंग्रजीचा वर्ग, एक सुस्वभावी तरुण शिक्षक आणि प्रत्येक देशाचा एकेक ठोकळेबाज नमुना, अशी या मालिकेची रचना आहे. ती १९७७ ते १९७९ या काळात दाखवली गेली. स्थलांतरितांविरुद्धची चळवळ ब्रिटनमध्ये जोरात असतानाचा हा काळ होता. वांशिक साचे वापरल्याबद्दल मालिकेवर टीका झाली आणि वाहिनीने ती बंद केली. मात्र ज्यांची टिंगल केल्याचा आरोप तिच्यावर होता त्या देशांतच तिला अपूर्व लोकप्रियता मिळाली. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, सिंगापूर, केनिया, नायजेरिया येथील प्रेक्षकांनी ती आपलीशी केली.

या प्रेक्षकांना अपमान कळला नाही, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. त्यांनी तो उदारपणे माफ केला, असे म्हणणे भाबडेपणाचे. वस्तुस्थिती अशी दिसते की वसाहतीच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या प्रेक्षकाचे त्या वर्गाशी असलेले नाते लंडनच्या प्रेक्षकापेक्षा वेगळे होते. लंडनचा प्रेक्षक शिक्षकाच्या बाजूने उभा राहून चुकीच्या इंग्रजीला हसत होता. मुंबईचा किंवा नैरोबीचा प्रेक्षक स्वतः कधीतरी त्या बाकावर बसलेला होता. चुकण्याची भीती आणि बरोबर बोलणाऱ्यांचा दरारा त्याने अनुभवलेला होता. त्याच्या हास्यात त्या भीतीपासूनची सुटका होती; शिवाय आपण आता चूक ओळखण्याइतके पुढे गेलो आहोत, याचा काहीसा अभिमानही होता. शीख रणजितसिंग आणि पाकिस्तानी अली यांची वर्गातील भांडणे इंग्रज प्रेक्षकाला 'त्यांची आपसांतली' वाटत असतील. उपखंडातील प्रेक्षकाला त्यांच्यामागे फाळणी दिसत होती. अलीची भूमिका ढाक्यात जन्मलेल्या डीनो शफीक यांनी आणि रणजितची श्रीलंकेत जन्मलेल्या आल्बर्ट मोझेस यांनी केली होती. इंग्रज कानाला हा फरक जाणवण्याचे कारण नव्हते. दक्षिण आशियाई कानाला तो जाणवू शकत होता.

१९९३ मध्ये 'जबान संभालके' ही या मालिकेची हिंदी आवृत्ती दूरदर्शनवर आली. पंकज कपूर यांनी रंगवलेला शिक्षक येथे हिंदी शिकवतो आणि त्याच्यासमोर परदेशांतील व देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी बसलेले आहेत. आकृतिबंध तोच, पण प्रमाणाच्या आसनावर इंग्रजीऐवजी हिंदी आली. वसाहतवादी नजर उलटवल्याचा आनंद या रूपांतरात आहे; त्याचबरोबर देशांतर्गत भाषांची एक नवी उतरंडही त्याने गृहीत धरली आहे. हिंदी चित्रपटांत मोलकरणीच्या तोंडी घातलेली मराठी वळणाची हिंदी ऐकलेल्या मराठी प्रेक्षकाला ही उतरंड समजावून सांगण्याची गरज नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन' चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'ती फुलराणी' (१९७५) हे रूपांतर येथे आठवते. त्यात इंग्रजी वर्गबोलींचा प्रश्न प्रमाण मराठी आणि अप्रमाण मराठी यांच्यातील दरीत रुजवला गेला. तो मराठी रंगभूमीवर इतका सहज रुजला, याचे कारण ती दरी येथे आधीपासूनच होती.

५

ॲन्टनी जे आणि जोनाथन लिन यांच्या 'यस मिनिस्टर' (१९८०–८४) आणि 'यस, प्राइम मिनिस्टर' (१९८६–८८) या मालिकांची भारतातील लोकप्रियता तर वैश्विकतेच्या कल्पनेला थेट आव्हान देते. मंत्री येतात आणि जातात, सचिव राहतो; निर्णय न घेणे ही एक कला आहे आणि लांबलचक वाक्य हे तिचे साधन आहे. हे सारे भारतीय प्रेक्षकाला 'आपले' वाटले. २००१ मध्ये फारुख शेख आणि जयंत कृपलानी यांना घेऊन 'जी मंत्रीजी' ही तिची हिंदी आवृत्ती स्टार प्लसवर आली. परंतु हे साम्य मानवी स्वभावाचे नाही. ब्रिटनच्या कायमस्वरूपी, स्पर्धेतून निवडलेल्या सनदी सेवेचा पाया ज्या नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाने घातला आणि भारतीय सनदी सेवेच्या स्पर्धा-परीक्षांची योजना ज्या मेकॉले समितीने आखली, ते दोन्ही अहवाल १८५४ साली प्रसिद्ध झाले. ट्रेव्हेल्यन हा स्वतः भारतात कंपनीच्या नोकरीत राहिलेला आणि मेकॉलेचा मेव्हणा होता. व्हाइटहॉल आणि भारतातील सचिवालये ही अशी एकाच घराण्यातली भावंडे आहेत. तेव्हा भारतीय प्रेक्षक सर हम्फ्रीला हसतो तेव्हा तो परक्या विनोदाचा आस्वाद घेत नसतो. साम्राज्याने मागे ठेवलेल्या वारशाला तो हसत असतो. मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाल्यानंतर शासकीय मराठीनेही हम्फ्रीच्या वाक्यरचनेचे वळण गिरवले, ही गोष्ट या वारशाचा चिवटपणा दाखवते.

साम्राज्य हे मात्र सर्व उदाहरणांचे उत्तर नव्हे. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या लंडनच्या फुटकळ विक्रेत्या भावांच्या मालिकेला युगोस्लाव्हियात आणि पुढे सर्बिया, क्रोएशिया येथे उदंड प्रेम मिळाले. जुगाड करून दिवस काढणाऱ्या आणि उद्या लक्षाधीश होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या माणसाशी तेथील प्रेक्षकाने नाते जोडले. 'मिस्टर बीन' (१९९०) हे वैश्विक विनोदाचे हुकमी उदाहरण म्हणून नेहमी पुढे केले जाते, कारण त्यात शब्द नाममात्र आहेत. पण त्याच्या पहिल्याच भागात बीन परीक्षेच्या दालनात, समुद्रकिनारी आणि चर्चमध्ये फजित होतो. तेथील शिष्टाचार ज्याला ठाऊक नाहीत त्याला बीनची तारांबळ कळणार नाही. शब्द गाळले तरी संकेत गळत नाहीत.

६

पिढ्यांचा प्रश्न देशांच्या प्रश्नाहून वेगळा मानण्याची प्रथा आहे. इतिहास पाहता तो त्याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे, असे म्हणावे लागते. 'डिनर फॉर वन' हे अठरा मिनिटांचे इंग्रजी प्रहसन १९६३ मध्ये हॅम्बुर्गच्या दूरचित्रवाणी केंद्राने चित्रित केले. नव्वद वर्षांच्या मिस सोफीच्या वाढदिवसाला तिचे चारही मित्र हजर नाहीत, कारण ते केव्हाच मरण पावले आहेत. बटलर जेम्स प्रत्येकाच्या वतीने प्याला रिकामा करतो आणि झिंगत जातो. १९७२ पासून वर्षाच्या अखेरच्या रात्री हे प्रहसन पाहणे हा जर्मनीत घरोघरचा विधी झाला आहे. ज्या ब्रिटनचे ते चित्र आहे त्या ब्रिटनमध्ये मात्र ते २०१८ पर्यंत संपूर्ण स्वरूपात प्रक्षेपितही झाले नव्हते. मेलेल्यांची जागा भरून दरवर्षी तीच मेजवानी करणारे पात्र आणि दरवर्षी तेच प्रहसन पाहणारे कुटुंब यांत एक समांतरता आहे. आजोबांसोबत हसलेले मूल पुढे आजोबांच्या आठवणीनेही हसते. पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या विनोदात असा विधीचा अंश मिसळलेला असतो.

परंतु नवी पिढी वारसा नाकारूही शकते किंवा उलटवूही शकते. १९९८ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवर आलेल्या 'गुडनेस ग्रेशस मी' मध्ये स्थलांतरितांच्या पुढील पिढीने लेखणी आपल्या हाती घेतली. तिच्या एका गाजलेल्या प्रसंगात मुंबईतील मद्यधुंद टोळके 'इंग्लिश' खाणावळीत शिरून तेथील सर्वांत मिळमिळीत पदार्थ मागवते आणि वेटरच्या नावाची मोडतोड करते. 'माइंड युवर लँग्वेज' मधील बाके येथे उलट दिशेला वळली आहेत. २०२० च्या जूनमध्ये 'फॉल्टी टॉवर्स' चा जर्मन पाहुण्यांविषयीचा भाग, त्यातील एका वृद्ध पात्राच्या वंशद्वेषी शब्दांमुळे, एका प्रक्षेपणसेवेने काढून घेतला आणि काही दिवसांतच इशाऱ्यासह परत ठेवला. त्या पात्राचा उपहास हाच प्रसंगाचा हेतू होता, हा बचाव आल्फ गार्नेटच्या वेळी झालेल्या चर्चेचीच आठवण करून देतो. चाळीस वर्षांनंतरचा इंग्रज प्रेक्षक आपल्याच देशाच्या मालिकेपुढे परदेशस्थ प्रेक्षकासारखा उभा होता.

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष मराठी विनोदसमीक्षेलाही लागू आहे. ग्रामीण बोलीला, स्त्रियांच्या बावळटपणाला, परप्रांतीयांच्या मराठीला हसवणारे मोठे विनोदी साहित्य मराठीत अभिजात म्हणून वाचले जाते. त्याची वैश्विकता गृहीत धरली की ते कोणत्या बाकावर बसून वाचले जाते, हा प्रश्नच उरत नाही. हा प्रश्न विचारल्याने हास्य मावळते, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. 'माइंड युवर लँग्वेज' चे नैरोबीतील आणि मुंबईतील प्रेक्षक तो प्रश्न जगूनच हसले होते.