भारतात सर्वाधिक मृत्यू कशामुळे होतात? आणि हे सरकारला कळतं कसं?

देहूत घरी कुणी वयस्कर माणूस गेला, तर नातेवाईक २१ दिवसांच्या आत नगरपंचायतीत नोंद करतात आणि मृत्यूचा दाखला घेतात. या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण असतं, पण मृत्यूचं कारण नसतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार ते दाखल्यावर छापता येत नाही. मग देशात लोक कशानं जातात, हे ठरतं कसं?

सर्वात मोठी कारणं

भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या २०२१-२३ च्या पाहणीनुसार एकूण मृत्यूंपैकी :

• हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार : सुमारे ३१ टक्के
• न्यूमोनियासारखे श्वसनसंसर्ग : सुमारे ९ टक्के
• कर्करोग व इतर गाठी : सुमारे ६ टक्के
• दम्यासारखे जुनाट श्वसनविकार : सुमारे ६ टक्के

म्हणजे निम्म्याहून जास्त मृत्यू संसर्गानं न पसरणाऱ्या आजारांमुळे होतात.

तरुणांचं चित्र वेगळं

१५ ते २९ वयोगटात पहिलं कारण आत्महत्या आहे. चाकण-पिंपरी पट्ट्यात घर सोडून, खोली करून राहणारे अनेक कामगार याच वयाचे आहेत. मन खचलं असेल, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं. रस्ते अपघातांतही २०२२ मध्ये देशभरात १ लाख ६८ हजारांहून जास्त जीव गेले.

कारण कळतं कसं?

पहिला मार्ग डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा. रुग्णालयात मृत्यू झाल्यास 'नमुना ४', घरी झाल्यास 'नमुना ४ अ'. पण २०२० मध्ये नोंद झालेल्या सुमारे ८१ लाख मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण असं प्रमाणित झालं होतं.

म्हणून दुसरा मार्ग : निवडक गावांत आणि वस्त्यांत कर्मचारी मृताच्या घरी जाऊन लक्षणं विचारतात. ती माहिती वाचून दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवतात.

'हार्ट बंद पडलं' हे कारण का नाही?

कारण शेवटी प्रत्येकाचंच हृदय थांबतं. समजा, मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी झालं आणि त्यातून मृत्यू झाला, तर मूळ कारण मधुमेह. फक्त 'हृदयक्रिया बंद' असं लिहिलं, तर आकडेवारीतून मधुमेह गायब होतो. आजार कागदावर दिसला नाही, तर त्यासाठीचा निधी आणि औषधंही मागं पडतात.

तुम्ही काय करू शकता?

ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची आहे. ती मागून घ्या. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांना बीपी, शुगर, टीबी, तंबाखू असं सगळं खरं सांगा. आई-वडील नेमके कशानं गेले हे माहीत असेल, तर मुलांना स्वतःच्या तपासण्या वेळेत करून घेता येतात.