मतयंत्राची परीक्षा

ता. २६ एप्रिल २०२४ रोजीं बुलढाणा लोकसभा मतदारसंघांत मतदान चाललें होतें. मेहकर, चिखली, खामगांव येथील मतदार रांगेंत उभे असतां त्याच दिवशीं दिल्लीस सर्वोच्च न्यायालयानें, ज्या यंत्राची कळ ते दाबीत होते, त्या यंत्राविषयींच निकाल दिला. कागदी मतपत्रिका परत आणण्याची मागणी न्यायालयानें फेटाळली. परंतु यंत्राच्या परीक्षेस एक नवी पायरी जोडून दिली. त्या निमित्तानें ह्या परीक्षेचा पूर्वेतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशांत हें यंत्र प्रथम वापरलें गेलें तें १९८२ सालीं, केरळांतील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर. तेथें विजयी उमेदवाराचें आधिक्य अवघें १२३ मतांचें होतें. पराभूत उमेदवार न्यायालयांत गेला, आणि १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या केंद्रांवर फेरमतदानाचा हुकूम केला, निकाल उलटला. यंत्र सदोष ठरलें म्हणून हा हुकूम झाला नाहीं, तर कायद्यांत त्याला आधार नव्हता म्हणून झाला. तो आधार १९८९ सालीं मिळाला. १९९० मध्यें तज्ज्ञांच्या समितीनें यंत्रास अनुकूल अभिप्राय दिला. १९९९ सालीं गोव्याची विधानसभा व २००४ सालीं सर्व देशाची लोकसभा यंत्रांवर निवडली गेली. २०१३ पासून मताची चिठ्ठी दाखविणारें यंत्रही जोडीस आलें.

आतां परीक्षक कोण तें पाहूं. यंत्रें बनविणारे कारखाने दोन, बंगळूर व हैदराबाद येथील, दोन्ही सरकारी. चाचणी करून प्रमाणपत्र देणारें खातेंही केंद्र सरकारचेंच. निवडणुकीपूर्वीं जिल्ह्याच्या ठिकाणीं पक्षप्रतिनिधींसमक्ष यंत्रें तपासतात ते कारखान्याचे अभियंते. मतदानाच्या सकाळीं निदान ५० मतांची तालीम होते, आणि मोजणीच्या वेळीं प्रत्येक विधानसभा मतदारसंघांतील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्यांशीं ताळा पाहतात. २०२४ च्या निकालान्वयें दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानें सात दिवसांत लेखी मागणी करून खर्च सोसल्यास शेंकडा ५ यंत्रें तपासलीं जातात. परंतु येथेंही तपासणारे कारखान्याचेच अभियंते! अमेरिकेंत २००२ च्या कायद्यानें हें काम मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांकडे दिलें. मात्र त्यांची फी यंत्र बनविणारीच कंपनी भरते. तेव्हां तेथील स्वातंत्र्यही निर्भेळ म्हणतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, हा सर्व तर्काचा खेळ आहे. तसें नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें बुलढाणा विधानसभेचा निकाल अवघ्या ८४१ मतांनीं लागला. एखाद्या केंद्राच्या मतदारयादींत मावतील एवढींच हीं मतें! यंत्रांत कांहीं खोट होती असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. परंतु इतक्या थोड्या मतांनीं हरलेल्या पक्षाच्या मनांतही शंका उरूं नये, हेंच परीक्षेचें खरें प्रयोजन होय. खामगांवची चांदी प्रसिद्ध आहे. तरी तिचा कस विकणाऱ्याखेरीज दुसऱ्यानें पाहावा, असें गिऱ्हाइकास वाटल्यास सराफानें रागावूं नये. चांदी खरी असेल, तर तिला दुसऱ्याच्या कसोटीचें भय कशाला?